खिशातला कॅमेरा आणि माथ्यावरचा सूर्य

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, करमाळा तालुक्यात, जेऊर नावाचं स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली या जेऊरवरून गेली. ती टिपण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सगळा सरंजाम जहाजातून घेऊन आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीही तिथेच तळ ठोकला होता. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला ब्रिटिश आरमाराच्या खलाशांना हाताशी धरून उपकरणं मांडून बसले होते. (विजयदुर्गात लॉकियर यांना हेलियम सापडला, असं कोकणात अभिमानानं सांगतात. हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच पाहिली होती. विजयदुर्गला ते आले त्यानंतर तीसेक वर्षांनी. असो.)

कॅम्पबेल यांच्या सामानात ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. पुढे पाच इंच व्यासाचं भिंग, मागे काचेची प्लेट आणि दोहोंच्या मध्ये बारा मीटरचा अंधार. अशा कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा तब्बल ११ सेंटिमीटर रुंद पडते. भिंगानं गोळा केलेला प्रकाश एवढ्या मोठ्या चकतीवर पसरतो, की प्लेटवर पडणारं तेज उघड्या उन्हाच्या फार तर सव्वापट भरतं. चाळीस फुटी धूड, पण सूर्यापुढे तसं निरुपद्रवी.

आता हाच हिशोब खिशातल्या फोनला लावून पाहावा. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर सात मिलिमीटरच्या आतबाहेर असतं आणि प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास सुमारे चार मिलिमीटर. आकाशात सूर्य अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे या कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा पडते मिलिमीटरच्या शंभरातल्या सहा भागांएवढी. सुईच्या टोकाला शोभेल असा ठिपका. पण त्या ठिपक्यावरचं तेज उघड्या उन्हाच्या साडेतीन हजार पट असतं. मुलं कागद जाळायला वापरतात त्या साध्या भिंगाचा हिशोब बहुधा याच्या निम्म्यानेच भरतो.

एवढं असूनही जुहूच्या चौपाटीवर, महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर, कळंगुटच्या वाळूत रोज हजारो फोन सूर्याकडे रोखले जातात आणि धडधाकट घरी परततात. दुसरीकडे, सूर्याचा फोटो काढल्यानं कॅमेरा जळाला अशा हकिगतीही कानावर येत राहतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे नीट समजून घेण्यासाठी ही पुस्तिका आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर ते असं: फोनच्या डोळ्यात शिरणाऱ्या सूर्याची धास्ती माणसं गरजेपेक्षा जास्त घेतात आणि फोनच्या पाठीवर पडणाऱ्या सूर्याची अजिबात घेत नाहीत.

आधी डोळ्याचं पाहू. साडेतीन हजार पट हा आकडा छाती दडपणारा आहे, पण तो अर्धाच हिशोब सांगतो. चार मिलिमीटरच्या छिद्रातून एकूण ऊर्जा शिरते किती? भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं या इवल्याशा छिद्राच्या वाट्याला येतं ते सुमारे बारा मिलिवॅट. व्याख्यानात पडद्यावर बोट दाखवायला वापरतात त्या लेझरची मर्यादा पाच मिलिवॅटची. म्हणजे अशा दोन-अडीच लेझरांएवढंच. शिवाय उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. फोनच्या सेन्सरपुढे एक बारीक फिल्टर बसवलेला असतो, तो यातला बराचसा भाग अडवतो. उरलेली उष्णता ज्या सिलिकॉनवर पडते ते लोखंडापेक्षा उत्तम उष्णतावाहक असल्यामुळे एवढ्याशा ठिपक्यातली उष्णता चहूबाजूंना झटकन पसरून जाते. आणखी एक गोष्ट आपोआपच मदतीला येते. सूर्य आकाशात दर तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर तो दोन मिनिटांत ओलांडतो. टेबलावर विसरलेल्या फोनच्या सेन्सरवरही तो ठिपका एका जागी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.

म्हणून सूर्यास्ताचा फोटो काढताना कुणी घाबरू नये. मावळतीचा सूर्य हवेच्या जाड थरातून येतो आणि त्याचं तेज आधीच कितीतरी पट घटलेलं असतं. भर दुपारी चौकटीत सूर्य येऊन गेला, तरी बिघडत नाही.

मग बिघडतं कधी? सेन्सरच्या पोटात डोकावलं तर कळतं, की तिथे सर्वांत नाजूक वस्तू सिलिकॉन नव्हेच. प्रत्येक बिंदूच्या वर प्लास्टिकसदृश पदार्थाचं एक सूक्ष्म भिंग असतं. त्याखाली लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी असते. या तिरंगी गाळण्यांची मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी शोधून काढली. तिचं पेटंट १९७६ चं, आणि आज बहुतेक फोन त्याच मांडणीवर चालतात. गाळण्यांतले रंग राळेसारख्या पदार्थात कालवलेले असतात. जास्त वेळ, जास्त तेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की हे रंग उडतात, भिंगं विरूप होतात आणि फोटोत त्या जागी कायमचा डाग उमटतो. एकदा उमटलेला तो डाग कोणत्याही ॲपनं किंवा ‘रिसेट’नं जात नाही.

फोनच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. जुन्या कॅमेऱ्याला शटर असायचं. फोटो काढायच्या क्षणापुरतं ते उघडायचं. फोनच्या कॅमेऱ्याला असा यांत्रिक पडदा नसतो. कॅमेऱ्याचं ॲप बंद असलं, फोन झोपलेला असला, बॅटरी पार संपलेली असली, तरी लेन्ससमोर जे आहे त्याची प्रतिमा सेन्सरवर पडतच राहते. फोन पालथा ठेवला की त्याचे दोन-तीन किंवा चार डोळे थेट आकाशाकडे उघडे. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटच्या आठवड्यात ‘शून्य सावलीचा दिवस’ येतो. गच्चीवर कुरडया-पापड घालताना कठड्यावर पालथा टाकलेला फोन त्या दुपारी नेमका सूर्याकडेच पाहत असतो. यानं सेन्सर जळेलच असं नाही; वर सांगितलेला दोन मिनिटांचा हिशोब त्याला बहुधा वाचवतो. पण फोन उताणा ठेवायला काही खर्च येत नाही, आणि सावलीत ठेवायलाही.

कॅमेरा सूर्यानं जळाल्याचं इतिहासातलं बहुधा सर्वांत महागडं उदाहरण चंद्रावरचं आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चे अंतराळवीर अॅलन बीन रंगीत दूरचित्रवाणीचा कॅमेरा तिपाईवर बसवण्यासाठी नेत असताना त्याचं तोंड सूर्याकडे वळलं आणि आतली प्रतिमानलिका जळाली. चंद्रावरून रंगीत प्रक्षेपण पाहायला जमलेल्या प्रेक्षकांना त्यानंतर जवळपास काहीच दिसलं नाही. वाहिन्यांना मुख्यतः आवाजावर भागवावं लागलं. त्या काळच्या नलिका आजच्या सेन्सरपेक्षा फारच हळव्या होत्या, हे मान्य. पण मोठी लेन्स लावली, की आजचा सेन्सरही तितकाच हळवा होतो.

२१ ऑगस्ट २०१७ चं अमेरिकेतलं खग्रास ग्रहण संपलं आणि टेनेसी राज्यातल्या लेन्सरेंटल्स या भाड्यानं कॅमेरे देणाऱ्या कंपनीकडे सामान परत येऊ लागलं. फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे रोखू नका, असं कंपनीनं ग्राहकांना बजावलं होतं. तरी काही कॅमेऱ्यांचे सेन्सर भाजले होते, काहींचं शटर जळून गेलं होतं, लांब लेन्सांच्या आतली झडपेची पाती वितळली होती. त्यातलं एक प्रकरण शिकण्यासारखं होतं. ग्राहकानं सूर्यफिल्टर वापरला होता, पण लेन्सच्या पुढे नव्हे, मागच्या खाचेत. सेन्सर वाचला, पण भिंगानं एकवटलेलं ऊन फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच लेन्सची आतली यंत्रणा भाजून निघाली. फिल्टर नेहमी सर्वांत पुढे, सूर्याच्या बाजूला, हा नियम या एका प्रकरणातून जितका पटतो तितका दहा सूचनाफलकांतून पटणार नाही.

४०० मिलिमीटरच्या मोठ्या लेन्समधून आत शिरणारी ऊर्जा काही वॅट भरते. फोनच्या बारा मिलिवॅटपुढे ती तीनशे-चारशे पट. सेन्सरवर पडणारा सूर्यही मोठा, त्यामुळे मधल्या भागातली उष्णता बाजूला पसरायला जागाच उरत नाही. फोनला हे भोगावं लागतं ते त्याच्यापुढे कुणी दुर्बीण धरली तर. दहा बाय पन्नासची साधी द्विनेत्री घेतली आणि तिच्या नेत्रिकेला फोनचा कॅमेरा टेकवला, तर फोनच्या डोळ्यात जाणारी उष्णता उघड्या फोनच्या शंभरपटीच्या घरात पोचते. इथे फोन खरोखर भाजतो. आणि त्याच दुर्बिणीतून नंतर कुणी डोळा लावून ‘नीट दिसतंय का’ पाहिलं, तर फोनची चिंता करायची वेळच राहत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत पुन्हा खग्रास ग्रहण होतं. फोन थेट ग्रहणाकडे रोखला तर सेन्सर खराब होतो का, असं यूट्यूबवरचे नावाजलेले तंत्रसमीक्षक मार्केस ब्राउनली यांनी जाहीरपणे विचारलं. नासाच्या छायाचित्र विभागानं उत्तर दिलं, की होय, इतर कोणत्याही सेन्सरसारखा फोनचा सेन्सरही बिघडू शकतो. विशेषतः पुढे एखादं वर्धक भिंग जोडलेलं असेल तर. उपायही त्यांनीच सांगितला: ग्रहणचष्म्याची काच फोनच्या लेन्सपुढे धरा. या उत्तरातला पहिला भाग सगळीकडे फिरला, ‘विशेषतः’पासूनचा भाग मागे पडला. बातमीचं बहुधा असंच होतं.

खोट्या भीतीचेही काही प्रकार आहेत. सूर्य चौकटीत असताना पडद्यावर हिरवा ठिपका दिसतो आणि माणूस दचकतो. तो ठिपका म्हणजे लेन्सच्या आतल्या पृष्ठभागांवर प्रकाशाचं झालेलं परावर्तन. फोन हलवला की ठिपकाही हलतो, बहुतेक वेळा सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला. कडेनं पसरणारी जांभळी झाक हीदेखील अशीच, तिरक्या उजेडाची करामत. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ‘काळा सूर्य’. काही सेन्सरांत तेज फारच वाढलं, की सूर्याच्या मधोमध चक्क काळा ठिपका उमटतो, जणू भोकच पडलं आहे. हा त्या सेन्सरच्या मोजमापाच्या पद्धतीतला दोष असतो. कोऱ्या अवस्थेतलं माप घेईपर्यंत तो बिंदू उजेडानं इतका भरून जातो, की दोन मापांतली वजाबाकी शून्य येते आणि लख्ख पांढऱ्याच्या जागी काळं उमटतं. सूर्य चौकटीबाहेर गेला की सगळं पूर्ववत.

खरी इजा ओळखायची तर पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढावा आणि फोन थोडा फिरवून आणखी एक. डाग दोन्ही फोटोंत चौकटीच्या त्याच जागी असेल तर एकतर लेन्सवर धूळ आहे किंवा सेन्सरवर इजा आहे. मऊ कापडानं काच पुसून पुन्हा पाहावं. मग अंधाऱ्या खोलीत लेन्स झाकून एक फोटो घ्यावा. त्यात लाल-निळे-पांढरे टिमटिमते ठिपके एकाच जागी पुनःपुन्हा दिसले, तर ते बिंदू बिघडले आहेत. हे प्रत्येक लेन्ससाठी वेगळं करायचं. पण इथे एक खोच आहे. पडद्यावर ‘३एक्स’ दाबलं म्हणजे दूरची लेन्स सुरू झालीच असं नसतं. उजेड कमी असेल तर बरेच फोन मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करून दाखवतात. कोणती लेन्स जागी आहे हे एकेका लेन्सवर बोट ठेवून पाहिलं की कळतं.

आता पाठीवरच्या सूर्याकडे वळू. मघाचाच हिशोब पुढे न्यायचा. फोन साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद. भर दुपारी उन्हात सपाट ठेवला तर त्याच्या अंगावर दहा वॅटच्या आसपास ऊन पडतं आणि काळा फोन त्यातलं बहुतेक पिऊन टाकतो. लेन्समधून आत जाणाऱ्या बारा मिलिवॅटच्या तुलनेत हे जवळपास हजारपट. चित्रीकरण चालू असताना फोन स्वतः जितकी उष्णता निर्माण करतो, तिच्यापेक्षाही हे जास्त. आयफोनच्या उत्पादकानं वापरासाठी सांगितलेली हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४५च्या पुढे जातो, आणि ऊन त्यावर वेगळं.

तापलेल्या फोनमध्ये कॅमेऱ्याचं काय होतं, हे तपशिलात पुढे येईलच. इथे तोंडओळख पुरे. सेन्सरमध्ये अंधारातही थोडा विद्युतप्रवाह झिरपत असतो आणि तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. म्हणून तापलेल्या फोनचे फोटो, विशेषतः सावलीतले, दाणेदार आणि मळकट येतात. फोनच्या लेन्समध्ये प्लास्टिकची पाच-सात भिंगं एकावर एक रचलेली असतात. तापमानाबरोबर त्यांचे गुणधर्म किंचित बदलतात आणि फोकस शोधायला यंत्रणेला जास्त खटपट पडते. फार तापला की फोन स्वतःच हात आखडता घेतो: पडदा अंधुक करतो, फ्लॅश बंद करतो, चित्रीकरण मध्येच थांबवतो. हे त्याचं शहाणपण, बिघाड नव्हे. खरा बिघाड सावकाश येतो. बॅटरी म्हातारी होते, कधी फुगते, मागची काच उचलली जाते, गोंद सैल पडतो, आणि पहिल्या वळवाच्या पावसात कॅमेऱ्याच्या काचेखाली वाफ धरते. ग्राहकाला वाटतं, पाण्यानं बिघडला. पाणी शिरायला वाट उन्हाळ्यानंच करून ठेवलेली असते.

आणि हा फोन उन्हात नेतं कोण? ग्रहणाचे हौशी छायाचित्रकार वर्षा-दोन वर्षांतून एकदा. रोज नेणारे वेगळेच आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली; सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं तर शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोननं पिकाचा फोटो काढायचा. रोजगार हमीच्या कामांवर २०२३ च्या सुरुवातीपासून मजुरांची हजेरी ॲपमधून, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणं सक्तीचं झालं. ते फोटो काढायचे ते उघड्या माळावर, खडी आणि मातीच्या झळांत. घरपोच खाणं नेणारी मुलं दुचाकीच्या हँडलवर फोन बांधून दिवसभर नकाशा पाहत फिरतात. त्या फोनला ऊन, चार्जिंगची उष्णता आणि इंजिनची थरथर असं तिन्ही एकदम सोसावं लागतं. थरथरीबद्दल खुद्द अॅपल कंपनीनंच २०२१ मध्ये इशारा दिला होता, की मोठ्या मोटरसायकलींच्या इंजिनांची तीव्र कंपनं दीर्घकाळ सोसल्यास कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. कॅमेरा वाचवण्याविषयी बाजारात जे काही लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक पहिल्या वर्गासाठी असतं. या पुस्तिकेचा निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्या वर्गासाठी आहे, आणि तसा तो असायलाच हवा होता.

त्यांच्यासाठीचे उपाय अगदी साधे आहेत. काम झालं की फोन खिशात किंवा सावलीत. बांधावर, दगडावर, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. बंद गाडीतला डॅशबोर्ड मेच्या दुपारी सत्तर अंशांच्या घरात जाऊ शकतो. उन्हात काम करताना चार्जिंग टाळावं, जाड काळं रबरी कव्हर काढून ठेवावं, फोटो काढताना टोपी किंवा उपरण्याची सावली फोनवर धरावी. लेन्सवर सावली पडली तर फोटोही सुधारतो, कारण तिरका उजेड आत शिरत नाही. दुचाकीवर कंपनं शोषणारा होल्डर वापरावा आणि त्यावर छोटंसं छज्जं बसवावं. काही मुलं पुठ्ठ्याचं बनवतात, तेही चालतं. तापलेला फोन मात्र फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नये. एकदम गार झालेल्या काचेच्या आत दव धरतं, आणि कॅमेऱ्याला ते उन्हाइतकंच नडतं.

मोबाइलच्या दुकानात कॅमेऱ्यावर चिकटवायची काच मिळते. ती ओरखड्यांसाठी असते. उन्हापासून ती काही वाचवत नाही. उलट आणखी दोन पृष्ठभाग वाढल्यामुळे सूर्य चौकटीत असताना परावर्तनाचे ठिपके वाढतात. ग्रहणाच्या दिवशी काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, सीडी, गॉगल असल्या वस्तू पुढे येतात. कपाटातून जुना एक्स-रे शोधून काढणारी पिढी अजून हयात आहे आणि तिचा आत्मविश्वासही. यातली एकही वस्तू भरवशाची नाही: डोळ्यांना अंधार दिसतो, पण अवरक्त किरण आरपार जात असतात. सूर्य पाहण्याच्या फिल्टरसाठी आयएसओ १२३१२-२ हे मानक आहे. त्यानुसार दृश्य प्रकाशाच्या सुमारे तीस हजार भागांतला जेमतेम एक भाग आत यायला हवा. फोनसाठी असा फिल्टर घ्यायचा तर तो सगळ्या लेन्स झाकेल एवढा असावा, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे फोन कधी कोणत्या लेन्सवर उडी मारेल याचा नेम नसतो.

याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे सूर्याकडे न पाहता सूर्याचा फोटो काढणं. गॅलिलिओचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची युक्ती काढली आणि गॅलिलिओनं १६१२ मध्ये सौरडागांची चित्रं त्याच पद्धतीनं रेखाटली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशप्रेमींना एकत्र आणते आहे. अशा संस्थांच्या कार्यक्रमांत पांढऱ्या पुठ्ठ्यावरची ती प्रतिमा पाहायला मिळते आणि फोननं तिचा फोटोही घेता येतो. दुर्बीण नसेल तर आरसा चालतो. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून त्यात सेंटिमीटरभर भोक पाडायचं आणि परावर्तन लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर टाकायचं. अंतराला १०८ नं भागलं की प्रतिमेची रुंदी मिळते. बारा मीटरवर ११ सेंटिमीटर, म्हणजे जेऊरच्या त्या चाळीस फुटी कॅमेऱ्यात पडायची तेवढीच.

सूर्याखेरीज आणखी एका उजेडाची दखल घ्यायला हवी, कारण फोनच्या सेन्सरला तो सूर्यापेक्षा घातक ठरतो. लेझरचा झोत फारसा पसरत नाही, त्यामुळे लेन्स त्याला सूर्याहून कितीतरी बारीक बिंदूत गोळा करते. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला लेझरनं इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं; २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. मिरवणुकीचं चित्रीकरण करताना झोत क्षणभर लेन्सवर आला तरी सेन्सरवर रेघ उमटू शकते. मोटारींवर अंतर मोजायला बसवलेले लिडारही याच जातीचे. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एका लिडारचा फोटो काढणाऱ्याचा महागडा सोनी कॅमेरा बिघडला. २०२५ मध्ये व्होल्व्होच्या ईएक्स९० गाडीच्या छतावरच्या लिडारवर झूम केल्यावर आयफोनच्या सेन्सरवर रंगीत ठिपके उमटत गेल्याची चित्रफीत गाजली, आणि कॅमेरा थेट लिडारवर रोखू नका, असं कंपनीनं सांगितलं. भारतातल्या रस्त्यांवर अशा गाड्या अजून विरळ आहेत.

पुढचं मोठं निमित्त दूर नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका ओलांडून अरबस्तानापर्यंत खग्रास ग्रहण दिसणार आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकेल. जेद्दा आणि मक्काही सावलीच्या पट्ट्यात आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्या आणि आखातात राहणारी मराठी मंडळी तिकडे वळली तर नवल नाही. महाराष्ट्रात त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढगांनी दिसू दिलं तर. खग्रासच्या त्या मिनिटांत, आणि फक्त तेवढ्याच वेळात, फिल्टर काढायचा असतो. खंडग्रासमध्ये तो एकदाही काढायचा नसतो. फिल्टर लावल्यावर फोनला बाकी सगळा अंधार दिसतो आणि तो आपण होऊन ‘नाइट मोड’वर जातो. मग सूर्याची कोर न येता पांढरा गोळा येतो. म्हणून नाइट मोड बंद करायचा, पडद्यावर सूर्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड बांधून टाकायचा आणि उजेडाची पट्टी खाली ओढत कोरीची कड धारदार दिसेपर्यंत थांबायचं. श्रावणापूर्वीचे पातळ ढग सूर्यावर आले की फिल्टरमधून काहीच दिसेनासं होतं आणि हात फिल्टर काढायला शिवशिवतो. कॅमेऱ्याला ढगाआडचा सूर्य सोसतो, पण ढग सरकायला दोन सेकंद लागतात आणि दुर्बिणीला जोडलेल्या फोनला तेवढे पुरेसे असतात. अशा वेळी फोन खाली घ्यावा, हवं तर ढगांचा वेगळा फोटो साध्या लेन्सनं काढावा, आणि दुर्बिणीवरचा फिल्टर चिकटपट्टीनं पक्का केलेला असेल तो तसाच राहू द्यावा.